एकूबाईंचे भोपळे

औंढ्याच्या वरच्या वाडीत जपानहून युको नावाच्या एक बाई तीन महिने पोरांना फुकट शिकवायला आल्या आणि आठवड्याभरात वाडीनं त्यांची एकूबाई करून टाकली. वाडीला त्या फार आवडल्या, कारण त्यांना आपली भाषा येते अशी सगळ्यांची पक्की समजूत होती. "बाई, जेवान झालं का?" "हाय." "गावाकडं आई हाय न्हवं?" "हाय, हाय." जपानीत 'हाय' म्हणजे 'हो', किंवा नुसतं 'ऐकतेय', हे वाडीला कोण सांगणार?

याच वाडीतली बाया नावाची बाई लोणावळ्याच्या बंगल्यांत धुणीभांडी करायची. तिची बबिता चौथीत होती. बायाची घोरावाडीची बहीण सहा महिने मागं लागली होती की पोरीला माझ्याकडं धाड, माझं लेकरू सांभाळेल. बायानं तिला दाद दिली नव्हती. पोर अभ्यासात पुढं आहे, या एका जोरावर तिनं बहिणीचं आणि नवऱ्याचं तोंड बंद ठेवलं होतं.

अन् त्या सोमवारी बबितानं एकूबाईंनी तपासलेली वही आणली. दहा गणितं, त्यावर लाल शाईचे दहा भोपळे. बायाला अक्षर येत नव्हतं, पण भोपळा कुणाला कळत नाही? शेजारच्या सनीच्या वहीत दहाही ठिकाणी बरोबरची खूण होती आणि त्याची आई दारोदार गूळ-शेंगदाणे वाटत फिरत होती.

"आये, माजी उत्तरं बरोबर हायेत. म्या दोनदा ताळा केला."

"वर खोटं बी बोलतीस?" म्हणत बायानं तिला एक ठेवून दिली.

सकाळी ती पोरीला घेऊन शाळेत गेली. एकूबाई दारातच भेटल्या.

"बाई, खरं सांगा. पोर ढ हाय का?"

"हाय!"

"शिकवून काय बी उपेग न्हाई?"

"हाय, हाय!" एकूबाई हसून मान डोलवत होत्या. इतक्या गोड तोंडानं कुणी कुणाचं वाटोळं केलेलं बायानं पाहिलं नव्हतं.

ती तडक शाळेच्या नसीम मॅडमपुढं जाऊन उभी राहिली. "मॅडम, हिचं नाव काढा. रविवारी घोरावाडीला धाडते." बबिता खाली मान घालून उभी होती. ती रडतसुद्धा नव्हती.

मॅडमनी वही उघडली. पान एकदा पाहिलं, परत पाहिलं. "अगं बाया, हे दहाच्या दहा बरोबर आहेत!"

एकूबाईंना बोलावणं गेलं. दोघींचं इंग्रजीत काहीबाही झालं, फळ्यावर खुणा झाल्या आणि नसीम मॅडम ओढणी तोंडाला लावून हसत सुटल्या. "त्यांच्या देशात गोल म्हणजे बरोबर. आणि आपली बरोबरची खूण म्हणजे चूक!"

"मंग सनी?"

"सनीचं एकही बरोबर नाही."

"आन् मगाशी त्या 'हाय' म्हनल्या त्ये?"

"तू बोलतेस ते ऐकतेय, एवढंच गं."

काय घडलं ते कळलं तशा एकूबाई बायापुढं कमरेत वाकल्या, चांगल्या काटकोनात. त्यांचं काही पडलं असेल म्हणून बायाही वाकून जमिनीवर शोधू लागली.

"अगं, माफी मागतायत त्या," मॅडम म्हणाल्या.

बाया तशीच खाली बसली. माफी खरी कुणी मागायची, हे तिला चांगलं कळत होतं. तिनं बबिताला जवळ ओढलं. "तू सांगत व्हतीस. म्याच ऐकलं न्हाई. चुकलं माजं."

मग ती मॅडमकडं वळली.

"मॅडम, माज्या भनीला जरा फोन लावून देता का?"

फोन लागला. "लेकराला दुसरं कुनी बघ. बबिता यायची न्हाई." पलीकडून बहीण काहीतरी तणतणली. बायानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हय, म्याच सांगते. माजी पोर लय हुशार हाय."

हे तिनं बहिणीला शंभरदा ऐकवलं असेल, पोरीच्या देखत मात्र पहिल्यांदाच. मग बबिता भोकाड पसरून रडायला लागली.