एक हात जास्त

मी गोलपोस्ट बोलतोय. खरं तर हे मान खाली घालूनच सांगायला हवं, पण मला वाकता येत नाही. रत्नसागर फुटबॉल संघ यंदा गोल का करत नाही, हे अख्खी रत्नागिरी एकमेकांना विचारते आहे. उत्तर माझ्यापाशी आहे.

माझा जन्म मिरजोळ्याच्या एका वर्कशॉपमधला. माझ्या आधी माझं जाळं तयार होतं. नाटे गावच्या दमयंतीबाईंनी ते विणलं होतं. चार वाव, म्हणजे दोन्ही हात पसरून चार वेळा, एवढी रुंदी सांगितली होती. त्यांनी मासेमारीच्या जाळ्याला सोडतात तसा रुंदीत एक हात जास्तीचा झोळ, म्हणजे ढील, सोडला. वेल्डर भिकाजीच्या हातून मापाचा कागद चहात भिजला. मग त्याने ते जाळं भिंतीवर कडक ताणलं आणि त्याच मापाने माझा आडवा पाइप कापला. झालो मी एक हात जास्त.

सरावाच्या मैदानावर मला थाटात उभं केलं. मी किती फुगलो होतो! फेब्रुवारीपासून पोरं माझ्यावरच गोल मारत होती. गोलकीपर हितेश एकदा म्हणाला, "सर, हा गोल जरा मोठा वाटतो."

"गोल मोठा नाही, तू आळशी आहेस," संघाचे प्रशिक्षक असलेले सर म्हणाले. सगळे हसले. मीही मनात हसलो, याची आज लाज वाटते.

सर्वांत जास्त सराव रितेशचा. चिपळूणजवळच्या अलोऱ्याचा हा पोरगा, संघाचा मुख्य फॉरवर्ड. खांबाला चाटून आत जाणारा एकच फटका तो रोज दोनशे वेळा घोटायचा. प्रत्येक वेळी मी तो आत घेतला. त्याला वाटायचं, आपला पाय बसला.

सामने सुरू झाले आणि त्याचा चेंडू खऱ्या गोलच्या खांबावर आपटू लागला. सात सामने, अकरा वेळा खांब, गोल एकही नाही. लोक म्हणाले, याला माज आलाय. सर म्हणाले, "शनिवारी गोल झाला नाही, तर बॅग भर." शुक्रवारी तो दिवे लागेपर्यंत माझ्यावर मारत राहिला. मी ओरडू शकलो असतो तर!

शनिवारी बारावा खांब लागला.

रविवारी सकाळी तो बॅग घेऊन मैदानाला नमस्कार करायला आला. फाटलेलं जाळं शिवायला दमयंतीबाई आलेल्या होत्या.

"अरे, माज्या जाल्याचा झोळ खय गेला? पार ताणून टाकलाव!" म्हणत त्यांनी हात पसरून मला मोजलं. चार वाव झाले, तरी खांब एक हात लांबच.

रितेशने त्या उरलेल्या जागेत आपला हात ठेवला. बराच वेळ काढला नाही. मग सरांना हाक मारली. सरांनी टेप लावला, दोनदा लावला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"भिकाजीला बोलवा," एवढंच ते म्हणाले. रितेशकडे बघायचं त्यांनी टाळलं. त्याने बॅग खांद्यावर टाकली आणि चिपळूणची एसटी धरली.

उद्या मला कापणार आहेत. खुशाल कापा, मी हूं की चूं करणार नाही. पण सर, भिकाजीला लावलात तसा एक फोन त्या पोरालाही लावा. चूक माझ्या अंगात होती, त्याच्या पायात नव्हती.