खाली उरलेली जागा

अधिकाऱ्याने टेपचं टोक ठोंब्याच्या कपाळावर धरलं आणि ठोंब्याने ते चाटून ओलं केलं. अधिकाऱ्याने टेप रुमालाने पुसली, पुन्हा धरली. ठोंब्याने पुन्हा चाटली. शेवटी मुलीने खाली बसून त्याचा जबडा दोन्ही हातांनी दाबून धरला, तेव्हा कुठे डोक्याची रुंदी मोजून झाली.

ठोंब्या कुत्रा होता याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. त्यापुढे काही सांगणं अवघड होतं. रंग काळा-तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला, पाय आखूड आणि शेपूट मात्र दुसऱ्याच कुठल्यातरी मोठ्या कुत्र्याची. भुंकणारे कुत्रे चावत नाहीत म्हणतात; हा भुंकतही नसे. बेल वाजली की तो जेवणाच्या टेबलाखाली शिरायचा आणि पाहुणा बसला की बाहेर येऊन त्याच्या बुटावर हनुवटी टेकायचा. मोजमाप संपल्यावर आत्ताही त्याने तेच केलं.

“साहेब, हा कुठल्या बाजूने रॉटवायलर दिसतो?” मुलीने विचारलं.

“दिसत नाही,” अधिकारी म्हणाला. तो नगरपालिकेच्या पशुविभागातून आला होता आणि त्याच्या दोन्ही बाह्यांना वेगवेगळ्या रंगाचे केस चिकटले होते. “पण नियमात दोन गोष्टी बघायला सांगितल्यात. कुत्रा दिसतो कसा, आणि मालक त्याला काय म्हणतो. दिसण्यावरून ठरत नसेल तर मालकाचा शब्द धरायचा.”

“मग मालक म्हणतायत ना, गावठी आहे म्हणून.”

“आज म्हणतायत.” त्याने खिडकीतून फाटकाकडे बोट दाखवलं. “तिथे लेखी वेगळं म्हटलंय.”

फाटकावरची पाटी गल्लीच्या टोकावरूनही वाचता यायची. निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं, अक्षरांना लाल सावली. वर दात विचकलेलं कुत्र्याचं डोकं, ज्याचा ठोंब्याशी दूरचाही संबंध नव्हता. त्याखाली ‘सावधान! कुत्रा आहे’ आणि त्याहीखाली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, ‘रॉटवायलर’. नवा कायदा आल्यावर कोणीतरी या पाटीचा फोटो काढून विभागाला पाठवला होता. काही जातींचे कुत्रे आता घरी ठेवायचे नव्हते, त्यात ही जात पहिल्या ओळीत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. इथे तर ते रंगवून, वॉर्निश मारून दाखवलं होतं.

पाटी मुलीच्या वडिलांनी, म्हणजे ठोंब्याच्या मालकांनीच केली होती. निम्म्या शहरातल्या दुकानांच्या पाट्या त्यांनीच रंगवल्या होत्या, छापील फ्लेक्स येऊन तो धंदा गिळून टाकेपर्यंत. ते आत्ता खुर्चीत बसून होते, उजवा हात ठोंब्याच्या पाठीवर, आणि आपल्याबद्दल काही चाललंय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

“काका, तुम्ही असं लिहिलंतच का?” अधिकाऱ्याने विचारलं.

“खाली जागा उरत होती,” वडील म्हणाले.

अधिकारी पुढच्या वाक्याची वाट बघत थांबला. ते आलं नाही, तेव्हा मुलीने कपाळाला हात लावला आणि तिलाच ते समजावून सांगावं लागलं. पाटी करताना दोन ओळी झाल्यावर खाली बरीच जागा राहिली होती. वडिलांच्या हिशेबी पाटीवर रिकामी जागा म्हणजे अर्धवट टाकलेलं काम. मग काय लिहावं? त्यांनी पिटबुलचा विचार केला होता, पण ते चार अक्षरांत आटपतं आणि उकार खाली लोंबतो. रॉटवायलर मात्र कसं ऐसपैस, काठोकाठ. झालं! ज्याला भाजी चिरायच्या आवाजानेही धडकी भरते त्या कुत्र्याला एका दुपारीत परदेशी कुळ मिळालं.

अधिकाऱ्याने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. यापेक्षा विचित्र कारणं त्याने ऐकली असावीत. मग त्याने काय करायचं ते सांगितलं. पाटी नुसती काढून चालणार नाही, कारण कुत्रा असलेल्या घराला आता पाटी सक्तीची आहे, आणि फोटो फाइलला लागलेला आहे. जिथे चूक जाहीर केली तिथेच दुरुस्ती जाहीर करायची. गुरुवारी दुपारी तो पुन्हा येईल. तेव्हाही पाटीवर हेच असेल तर गाडी सोबत आणावी लागेल.

“गाडी कुठे नेते?” मुलीने विचारलं.

“विभागाचे पिंजरे आहेत.” तो ठोंब्याकडे न बघता म्हणाला. “एवढ्या वयाचं कुत्रं तिथून सहसा कोणी नेत नाही.”

बुटावरचं डोकं हळूच बाजूला करून तो गेला.

मुलगी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर लोकांच्या तोंडात चपखल बसेल असं काहीतरी घासून घासून करायचं, आणि घरी येऊन अशा माणसाशी गाठ, ज्याच्या गळी साधी गोष्ट उतरत नाही. एक शब्द पुसायचा होता. जुना कुंचला, निळा रंग, दोन हात मारले की काम संपलं. तिने त्याच संध्याकाळी तसं सांगितलं. वडील ‘बघू’ म्हणाले. दुसऱ्या दिवशीही बघू. तिसऱ्या दिवशी तिने स्वतः रंग आणून दिला, तर त्यांनी डबा उघडून वास घेतला, हा रंग त्या निळ्याशी जुळणार नाही म्हणून झाकण लावलं आणि ठोंब्याला घेऊन अंगणात जाऊन बसले. तिने मग वेगळ्या निळ्याचा डबा आणला. तोही जुळला नाही. कुत्र्याच्या जिवावर बेतलंय आणि यांना निळ्या रंगाच्या छटा सुचतायत, या विचाराने तिने त्या दिवशी सिंकमधली भांडी जरा जास्तच आपटली. ठोंब्या टेबलाखाली गेला.

बुधवारी कामावरून येताना ती छपाईच्या दुकानात शिरली. त्या घरात फ्लेक्सचं नाव काढायची सोय नव्हती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण आता सहनशक्ती संपली होती. तिने निळ्या जमिनीवर पिवळ्या अक्षरांत ‘गावठी’ एवढं छापून घेतलं. मागे गोंद होता. नुसतं सोलायचं आणि रॉटवायलरवर दाबून बसवायचं. फाटकाशी उभी राहून तिने एक कोपरा सोललासुद्धा.

“त्या पाटीला हात लावू नकोस.”

वडील अंगणातल्या बाकावर होते. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण असा आवाज तिने लहानपणानंतर ऐकला नव्हता. तिच्या हातातला कागद तसाच लटकत राहिला.

मग ती बोलली. आठवडाभराचं सगळं बोलली. नाकापेक्षा मोती जड झालाय, ती म्हणाली. उद्या दुपारी गाडी येणार आहे आणि हा येडा त्या गाडीतही शेपटी हलवत चढेल. मग बसा एकटे, बघत राहा तुमची अक्षरं. लोकांच्या दुकानांवरून एवढ्या पाट्या उतरल्या, भंगारात गेल्या, तेव्हा कधी चकार शब्द काढला नाहीत आणि या एका पत्र्यासाठी अडून बसलात.

“एकदा काय ते सांगा, बाबा. पाटी हवीय की कुत्रा?”

वडिलांनी उजवा हात ठोंब्याच्या पाठीवरून उचलला आणि तिच्यासमोर धरला. हात हलत होता. चहाचा कप हलताना तिने पाहिला होता, वयाने होतं म्हणून सोडून दिलं होतं. हे तसं नव्हतं. बोटं आपापली, वेगवेगळी हलत होती, जणू ती कोणा एकाची नव्हतीच. त्यांनी हात तसाच थोडा वेळ धरला, मग पुन्हा ठोंब्याच्या पाठीवर ठेवला. तिथे तो थांबला.

“ती केली तेव्हा हात माझा होता,” ते म्हणाले. “त्यानंतरची एकही झाली नाही.”

“पण तुम्ही तर म्हणायचात की फ्लेक्समुळे...”

“म्हणायचो.”

मुलगी फाटकाला टेकली. इतकी वर्षं तिने या घरात फ्लेक्सला शिव्या ऐकल्या होत्या, स्वतःही घातल्या होत्या. वडिलांचे कुंचले फडक्यात गुंडाळून माळ्यावर गेले, तेव्हा तिने ते त्या छपाईवाल्यांच्या नावावर मांडलं होतं. आठवडाभर जिभेला हाड नसल्यासारखं बोलल्याची तिला लाज वाटली, आणि लाज वाटतानाही रागच येत होता. हे एक वाक्य पहिल्याच दिवशी सांगायला काय झालं होतं? तिने सोललेला कोपरा बोटाने पुन्हा चिकटवला आणि कागदाची गुंडाळी करून पर्समध्ये टाकली.

गुरुवारी ती अर्धी रजा टाकून घरी आली, तेव्हा फाटकावर पाटी नव्हती. मग तिला अंगण दिसलं.

पाटी बाकाला टेकवून उभी केली होती. एक शब्द पुसण्याऐवजी त्यांनी सगळीच निळी करून टाकली होती. कुत्र्याचं डोकं, लाल सावल्या, काही उरलं नव्हतं. बहुधा सकाळी ती बाहेर पडताच कामाला लागले असावेत. आता ते जमिनीवर पाटीसमोर बसले होते आणि ठोंब्या त्यांच्यात आणि पाटीत आडवा पसरला होता. रंगवताना हात टेकवायची काठी बाजूला पडली होती. वडिलांचं उजवं कोपर ठोंब्याच्या बरगड्यांवर होतं आणि पिवळ्या रंगाचा कुंचला ‘कुत्रा’मधला काना काढत खाली येत होता. ठोंब्या श्वास घेई तसा हात वर जाई, सोडी तसा खाली. रेघही तशीच येत होती.

“मी धरू का?” ती म्हणाली. तिचे हात दिवसभर एका दाण्याएवढे दात घासायचे. ही दोन अक्षरं तिने डोळे मिटून काढली असती.

“बाजूला हो. उजेड अडतोय.”

ती बाजूला झाली. कुंचला डब्यात बुडायचा, काठावर निथळायचा, पुन्हा यायचा. ठोंब्याच्या पोटावर रंगाचे थेंब पडले होते. एकदा त्याला शिंक आली आणि ‘आहे’ची मात्रा भलतीकडेच गेली. वडील त्याला काही बोलले नाहीत. त्यांनी ती पुसलीही नाही.

अधिकारी आला तेव्हा रंग ओला होता. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती, ड्रायव्हर खाली उतरला नव्हता. अधिकाऱ्याने पाटी वाचली. ‘सावधान! कुत्रा आहे’. अक्षरं डुगडुगत एका ओळीत आली होती, जशी लहान मुलं हात धरून येतात. त्याने फोटो घेतला, फाइलमधला जुना फोटो काढून शेजारी धरला, आणि बराच वेळ दोन्हींकडे बघत राहिला. वर दात विचकणाऱ्या त्या डोक्याच्या जागी आता फक्त निळं होतं. मुलगी त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभी होती.

“चालेल,” तो म्हणाला. “प्रकरण बंद करतो.” मग कामाच्या सवयीने त्याने पुढे म्हटलं, “खाली एवढी जागा उरलीय, काका. तिथे गावठी आहे असं लिहून टाकलं असतं तर कोणी पुन्हा विचारलं नसतं.”

वडील कुंचला फडक्याला पुसत होते. त्यांनी पाटीच्या खालच्या रिकाम्या निळ्याकडे पाहिलं.

“उरू दे,” ते म्हणाले.

अधिकाऱ्याने फाइल बंद केली. गाडी रिकामीच परत गेली.

रंग वाळल्यावर मुलीने स्टूल आणलं आणि पाटी फाटकावर धरली. वडील गल्लीत जाऊन उभे राहिले, शेजारी ठोंब्या, पोटावर पिवळे ठिपके घेऊन. डावी बाजू वर घे, ते म्हणाले. तिने घेतली. जास्त झाली, थोडी खाली. तिने खाली केली. ओळ मुळातच वाकडी होती. पाटी कशीही धरली तरी ती वाकडीच दिसणार, हे तिला कळत होतं आणि त्यांना तर तिच्याआधी कळलं असणार. तिचे खांदे भरून आले होते.

“उजवी जरा वर,” वडील म्हणाले.

तिने उजवी जरा वर घेतली.