आवाज बंद केलेला पिच्चर

पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं त्या वर्षी मंदाला जी धास्ती बसली, ती दुसरं वर्ष लागलं तरी गेली नव्हती. ओतूरजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत ती दुसरीचा वर्ग सांभाळायची. पुस्तकातलं इंग्रजी घडाघडा वाचायची, फळ्यावर वळणदार लिहायची. पण इंग्रजी कळणारा माणूस समोर उभा राहिला, की जीभ टाळूला चिकटलीच. उभ्या जन्मात तिच्याशी कुणी इंग्रजीत बोललंच नव्हतं, मग उत्तर द्यायची सवय लागणार कुठून?

त्यात आसपासच्या शाळांतल्या सगळ्या शिक्षकांपुढे इंग्रजीचा आदर्श पाठ घ्यायची पाळी तिच्यावर आली. प्रशिक्षणात पुण्याच्या बाईंनी एक युक्ती सांगितली होती. इंग्रजी पिच्चर लावा, आवाज बंद करा आणि पडद्यावरची माणसं काय बोलत असतील ते मुलांना इंग्रजीत बोलू द्या. ऐकताना सगळ्या गुरुजींनी माना डोलावल्या. करून दाखवायची वेळ आली तेव्हा त्याच माना मंदाकडे वळल्या, कारण व्हीसीडी प्लेअर फक्त तिच्या घरी होता. नवऱ्यानं, कुंडलिकनं, तो कुस्त्या बघायला घेतला होता.

इंग्रजी पिच्चर आणायला कुंडलिक ओतूरला मदनलाल शेठच्या सीडीच्या दुकानात गेला. शेठ कपाटाकडे न बघताच म्हणाले, "इंग्रजीत माझ्याकडं साप आहे, मगर आहे आणि एक म्हातारा आहे."

"म्हातारा काय करतो?"

"काहीच करत नाही. म्हणून तर कोणी नेत नाही. घेऊन जा, घरात बघण्यासारखा तेवढाच आहे."

म्हातारा घरी आला. पण शाळेतून आल्यावर मंदाला जेवढा वेळ मोकळा मिळायचा तेवढाच वेळ आरोही झोळीत झोपायची. पोरगी सात महिन्यांची. टीव्हीचा आवाज जरा वाढला की टक्क जागी. त्यामुळे पुण्याच्या बाईंची युक्ती मुलांच्या आधी मंदावरच चालू झाली. आवाज बंद, आणि शेजारी शेंगा फोडत बसलेल्या सासूबाई, साळुबाई.

पडद्यावर मोठं घर, एक कुत्रा, टेबलाशी म्हातारा. एक तरुण बाई ताट ठेवते, म्हातारा ते पुढे सारतो.

"ह्यो सासरा," साळुबाईंनी निकाल दिला. "आन् ती सून. जेवणात मीठ लई पडलंय, म्हून ताट सारलं त्यानं."

"आत्याबाई, तुम्हाला कसं कळलं?"

"सासऱ्याचं त्वांड वळखू येत न्हाई व्हय? तुझं सासरं पिठल्यावरनं असंच रुसून बसायचं. आता तू सांग, तुझ्या इंग्रजीत त्यो काय म्हणला?"

"ऐकू आलं तर सांगेन ना."

"ऐकायला कशाला पायजे? मी सांगितलं की."

मंदाला हसू फुटलं. झोळीकडे एक नजर टाकून ती हळूच म्हणाली, "आय विल नॉट ईट."

"एवढंच? मी केवढं सांगितलं. मीठ कुठं गेलं?"

मग मीठ घालावं लागलं. "देअर इज टू मच सॉल्ट." त्यावर साळुबाईंनी परीक्षकासारखी मान हलवली आणि पुढची शेंग फोडली.

असं रोज चाललं. इंग्रजी बरोबर की चूक, हे साळुबाईंना कळत नव्हतं; लांबी मात्र नेमकी कळायची. आपण सांगितल्यापेक्षा वाक्य आखूड निघालं, की सुनेनं कामात चुकारपणा केला असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे मंदा आयुष्यात बोलली नव्हती एवढं इंग्रजी त्या झोळीशेजारी कुजबुजली. सुनेची बाजू साळुबाई जरा कमीच मांडायच्या. ती मंदा आपल्या पदरची घालून वाढवायची.

पाठाच्या दिवशी टीव्ही, प्लेअर, आरोही आणि साळुबाई एकाच जीपमधून शाळेत उतरले. पार घाटघरहून गुरुजी आले होते. जुन्नरहून विस्तार अधिकारी आले, ते खुर्चीत. साळुबाई नातीला मांडीवर घेऊन वर्गाच्या दारात टेकल्या.

पिच्चर सुरू झाला. म्हाताऱ्यानं ताट सारलं. आता मंदानं मुलांना प्रश्न विचारायचा होता. तिनं तोंड उघडलं, साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, आणि जीभ गेली टाळूला. मुलं तिच्याकडे बघतायत, गुरुजी जमिनीकडे बघतायत.

"बोल की गं," दारातून आवाज आला. "जेवत न्हाई त्यो."

मागं खसखस पिकली. मंदा दाराकडे वळली आणि घरच्यासारखी सासूलाच म्हणाली, "ही इज नॉट ईटिंग."

"का न्हाई, ते कोण सांगणार?"

"बिकॉज देअर इज टू मच सॉल्ट."

सॉल्ट म्हटल्यावर मुलांना वाट सापडली. पुढच्या ओळीतली अक्षदा उठून टीव्हीतल्या म्हाताऱ्याला दटावू लागली, "ईट, बाबा, ईट." स्वराजनं कुत्र्याची बाजू घेतली, "गिव्ह मी, गिव्ह मी." मग अर्धा वर्ग सून झाला, अर्धा कुत्रा. म्हाताऱ्याच्या बाजूनं कुणीच उरलं नाही, तेव्हा घाटघरचे गुरुजी त्याच्यासाठी "नो, नो" म्हणाले.

पाठ संपला. आरोही किरकिरली म्हणून साळुबाई तिला घेऊन झाडाखाली गेल्या. दार रिकामं झालं, आणि नेमक्या त्याच वेळी साहेबांनी विचारलं, तेही इंग्रजीत, "मॅडम, व्हॉट इज ही ॲक्चुअली सेइंग इन द फिल्म?"

मंदानं दाराकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. समोर मात्र इंग्रजी कळणारा माणूस होता आणि तो वाट बघत होता.

"आय डोन्ट नो, सर," ती म्हणाली. "वी नेव्हर हर्ड इट. माय डॉटर वॉज स्लीपिंग."

"एव्हरी डे?"

"एव्हरी डे, सर. शी इज अ गुड गर्ल."

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "देन हू मेड धिस स्टोरी?"

याचं उत्तर लांब होतं. मंदानं ते सासूबाईंपासून सुरू केलं. मध्येच एका वाक्यात आपण चुकलो, हे ते तोंडातून बाहेर पडतानाच तिला कळलं. पण ते दुरुस्त करायला ती त्याच्यामागे धावली नाही. पुढचं वाक्य बोलायला लागली, कारण साहेब अजून ऐकत होते.