दयाच्या शर्टाचा वास

दयाच्या शर्टाला तो वास पहिल्यांदा आला तेव्हा मी कोथिंबीर निवडत बसले होते. केतकीने दार उघडलं, दया आत आला, बूट काढायला वाकला आणि माझा हात जुडीवरच थांबला. माझं वय सत्तरीच्या पुढे आहे, गुडघे गेलेत, पण नाक शाबूत आहे. त्याच्या शर्टाला वरवर पेट्रोलचा वास होता, त्याच्याखाली ग्रीसचा, आणि त्या दोन्हींच्या तळाशी स्पिरीट होतं. अगदी स्वच्छ, डिस्टिलरीत काढलेलं स्पिरीट.

"वास कसला यायलाय रे?" मी विचारलं.

"इथेनॉल आहे आई. आजपासून गाड्यांना घालायला सुरुवात केली," एवढं सांगून माझा मुलगा अंघोळीला गेला. मी कोथिंबिरीची पानं कचऱ्यात टाकली आणि देठं ताटात ठेवली. सुनेच्या ते लक्षात आलं, आणि तिने गुपचूप दोन्हींची अदलाबदल केली. पुण्याची असली तरी शहाणी आहे.

आमचे हे, कृष्णाजी, चिकोडीकडच्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत होते. लग्न झालं तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत एकच नोकरी. मळी आंबवायची, उकळून तिचं स्पिरीट काढायचं, टँकर भरून पाठवायचे. माणूस असा की सुपारीचं खांडही कधी तोंडात टाकलं नाही. पण पाळीभर त्या वाफेत उभं राहिल्यावर कपड्यांना वास लागणारच. एसटीत शेजारचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसायचा. एका बारशाला माझ्या थोरल्या भावाने ह्यांना पंगतीतून बाजूला घेतलं आणि दिवसाउजेडी तरी घेत जाऊ नका, असं समजावलं. हे नुसते हसले. मला काही हसू आलं नाही. त्या भावाशी मी पुढे कितीतरी दिवस बोलले नाही, आणि घरी येऊन ह्यांना नियम घालून दिला.

पुढच्या दाराने यायचं नाही. मागच्या दाराशी शर्ट काढायचा, खुंटीला अडकवायचा, परसात अंघोळ करायची आणि मग घरात पाऊल ठेवायचं. थंडीतसुद्धा. आमच्या कॉलनीत कुणी माझ्या नवऱ्याला दारुड्या म्हटलेलं मला खपणार नव्हतं. ह्यांनी कधी तक्रार केली नाही. फक्त कुडकुडत आत येताना म्हणायचे, शर्ट बाहेर ठेवतीस आणि माणूस आत घेतीस, उपकार आहेत तुझे. त्या नियमाचा मला आजही पश्चात्ताप वगैरे नाही. नाव राखायचं असलं की असं काहीतरी करावंच लागतं.

हे गेले तेव्हा त्यांचे कपडे मी नेहमीसारखे सोडा घालून गरम पाण्यात धुतले आणि मगच वाटून टाकले. एकही शर्ट न धुता ठेवावा हे सुचलं नाही. मग कॉलनीतली खोली सोडली आणि दयाकडे बेंगळुरूला, जयनगरात राहायला आले. इथे सगळं आहे. भाजीवाला माझ्या चिकोडीच्या कन्नडला हसतो, पण भाजी चांगली देतो.

दयाचं गॅरेज व्हाइटफील्डच्या पलीकडे आहे. साध्या गाड्या तो घेत नाही, टर्बोवाल्याच घेतो. ज्यांच्या गाड्या आधीच वेगात पळतात त्यांना त्या आणखी वेगवान करून देणं हा त्याचा धंदा. ज्या शहरात माणूस चालत लवकर पोचतो तिथे हे कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, रस्त्यावर नाही आई, ट्रॅकवर. आता पंपावरच्या पेट्रोलमध्येच वीस टक्के इथेनॉल असतं, पण ट्रॅकच्या गाड्यांसाठी तो त्याहून पुष्कळ जास्त मिसळतो. त्याआधी गाडीचे रबरी पाइप बदलतो आणि इंधन जास्त लागतं म्हणून मोठे इंजेक्टर बसवतो.

हे सगळं करून मिळतं काय, ते त्याने मला जेवताना सांगितलं. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. जितकी हवा कोंबाल तितकी ताकद जास्त, पण इंजिनही तितकंच तापतं. मग आतलं पेट्रोल ठिणगीची वाट न बघता आपलं आपणच पेट घेतं आणि इंजिनाला आतून ठोके बसू लागतात. इथेनॉल आत जाताना गारवा आणतं आणि कितीही दाब आला तरी वेळेआधी भडकत नाही.

"म्हणजे तुझे आप्पा," मी म्हणाले.

मग पेट्रोल कोण, असं त्याने विचारलं. मी त्याच्या ताटात आणखी भात वाढला. केतकी मात्र तोंडावर हात दाबून पाणी आणायला उठली.

त्या दिवसापासून मला संध्याकाळची ओढ लागली. बेल वाजायच्या बऱ्याच आधी मी काहीतरी निवडायला घेऊन दाराजवळच्या खुर्चीवर बसायचे. दयाचे शर्ट मशीनमध्ये टाकू नका, असले डाग हातानेच निघतात, असं मी जाहीर करून टाकलं. डाग काही निघत नव्हते. मी बाथरूमचं दार लावायचे, स्टुलावर बसायचे आणि शर्ट नाकाशी धरायचे. त्यात मळीचा आंबूस वास नव्हता. ह्यांचा घाम नव्हता. पेट्रोल तर मला नकोच होतं. पण बाहीच्या दुमडीत नाहीतर काखेच्या शिवणीपाशी एखाद्या श्वासापुरते हे सापडायचे. मग मी नळ सोडायचे. इतकी वर्षं मी ह्यांच्या आठवणीने रडले नव्हते असं नाही, पण त्यांची वाट बघण्याची सवय सुटली होती. ती परत लागली, आणि मला फार बरं वाटत होतं.

आमच्या खालच्या मजल्यावर पद्माकरराव राहतात. सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ. पेट्रोलमध्ये इथेनॉल आल्यापासून त्यांच्या जुन्या गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं असं त्यांचं म्हणणं आहे, आणि त्याचा राग ते लिफ्टमध्ये भेटेल तेव्हा दयावर काढतात, जणू सरकारच्या कानात ते त्यानेच सांगितलं. एके दिवशी त्यांनी केतकीला जिन्यात थांबवलं. दयानंद हल्ली रोजच घेतो का, असं अगदी मायेने विचारलं. केतकीने इथेनॉलचं सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि सुरुवातीला घरचे असंच सांगतात, काळजी घे, असं म्हणून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

ती वर आली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद झाला होता. दया येईपर्यंत तिला दम धरवेना.

"दया, प्लीज, यापुढे गॅरेजवरच शॉवर घे आणि चेंज करून ये," ती त्याला म्हणाली. "तुला कोणी अल्कोहोलिक म्हणतं ते मी नाही ऐकून घेणार. आई, तुम्हीच सांगा, माझं काही चुकतंय का?"

मी तिच्याकडे बघत राहिले. तो माझाच नियम होता, आणि तो घालताना माझाही चेहरा असाच झाला असणार. तिचं काही चुकत नाही, असं मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?

दुसऱ्या दिवशी बेल वाजली आणि दाराशी लिंबाचा साबण उभा राहिला. स्वच्छ टीशर्ट, भांग पाडलेले केस. तिसऱ्या दिवशीही तेच. मी दाराजवळची खुर्ची सोडली आणि खोलीत बसायला लागले. मग माझं सगळ्यांशी बिनसायला लागलं. आमटीत मीठ जास्त, इथलं पाणी जड, टीव्हीचा आवाज मोठा. एकदा भाजीवाल्याशीही भांडले, आणि तो बिचारा सगळ्याला होकार देत फक्त सरी, अज्जी, सरी म्हणत राहिला. शेवटी एका रात्री जेवताना मी सांगून टाकलं की मला चिकोडीला जायचंय, विठोजीभावोजींकडे, कायमचं. धाकटे दीर आहेत, घर मोठं आहे, ते नाही म्हणणार नाहीत. त्यांचं घर कारखान्यापासून तसं लांब आहे, पण गळिताच्या दिवसांत वारा फिरला की वास तिथवर येतो. हे मात्र मी बोलले नाही.

दोघांनी खोदून खोदून विचारलं. कुणी काही बोललं का, कशाची अडचण आहे का. केतकीला वाटलं तिचंच काही चुकलं, आणि ती आत जाऊन रडली. मला वाईट वाटलं. पण सांगायचं कसं? माझ्या नवऱ्याचा वास येतो म्हणून तुझ्या नवऱ्याला न धुता घरात घे, असं सुनेला कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि मुलाला तर त्याहून नाही. वयाचं सोडा, मला लाज वाटत होती. मी तिकीट काढायला लावलं. रविवारच्या रात्रीची बस होती.

शनिवारी दया म्हणाला, जातेसच आहेस तर एकदा गॅरेज तरी बघ. मी गेले. मोठी पत्र्याची शेड, आत हॉस्पिटलसारखी स्वच्छता, आणि मधोमध जमिनीतल्या रोलरवर पट्ट्यांनी बांधलेली एक लाल गाडी. गाडी जागच्या जागी पळवून तिची ताकद मोजायचं ते यंत्र आहे. ती गाडी शेषगिरी नावाच्या पोराची होती. "अज्जी, स्वल्प हिंदे निल्ली," तो अदबीने म्हणाला, आणि मी जरा मागे सरकून उभी राहिले.

दयाने निळा ड्रम उघडला.

आता त्या वासाच्या आड पेट्रोल नव्हतं, ग्रीस नव्हतं. माझा हात आपसूक शेजारच्या टेबलाला गेला, तशी शेषगिरीने मला खुर्ची आणून दिली. कुठलं आणतोस हे, मी विचारलं. मंड्याकडचं, तो म्हणाला. आपल्या भागात इतके कारखाने असताना मंड्याचं कशाला, म्हणून मी त्याला चांगलं फैलावर घेतलं, कारण गप्प राहिले असते तर रडले असते. तो हसला, मोजून इंधन टाकीत ओतलं, आणि गाडीत बसून त्याने ती चालू केली.

आवाज छातीत घुसत होता. गाडी उभी होती आणि चाकं वाऱ्यासारखी फिरत होती. मागच्या नळीतून गरम, गोडसर झोत बाहेर पडला आणि शेडभर पसरला. मी पदर नाकाला लावला. पदराआड मी तो वास ओढून घेत होते, पण शेषगिरीला वाटलं अज्जीला त्रास होतोय. तो माझी खुर्ची बाहेर न्यायला धावला. मी ती घट्ट धरून ठेवली आणि मान हलवत राहिले.

दयाने हे गाडीच्या काचेतून बघितलं असावं. त्याने इंजिन बंद केलं, शेषगिरीला कॉफी आणायला पाठवलं आणि माझ्यासमोर येऊन उकिडवा बसला. त्याने फडक्याला हात पुसले.

"आई, आप्पा रात्रपाळीला गेले की मला लहानपणी झोप यायची नाही," तो म्हणाला. "तू झोपलीस की मी मागच्या दाराशी जायचो. खुंटीवर त्यांचा आदल्या दिवसाचा शर्ट असायचा. त्यात तोंड घालून उभा राहायचो."

"ठाऊक आहे मला," मी म्हणाले. "तू परत येऊन झोपलास की मग मी जायची."

त्याने वर बघितलं. मग माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं, अगदी थोडा वेळ, कारण शेषगिरी कॉफी घेऊन येताना दिसत होता. उठताना त्याने तिकीट रद्द करू का, असं विचारलं. ते तुझ्या बायकोला विचार, नियम आता तिचा आहे, मी म्हणाले. आणि मी तसं मनापासून म्हणाले. स्वतःच्या नवऱ्याचं नाव राखणाऱ्या बाईच्या मध्ये मी पडणार नव्हते. तो अंघोळ करून, कपडे बदलून आला आणि आम्ही घरी गेलो.

तो केतकीशी काय बोलला, बोलला की नाही, मला माहीत नाही. रविवारी दुपारी शेषगिरीची गाडी पुरी करायची म्हणून तो गॅरेजवर गेला. मी बॅग भरली, औषधं वरच्या कप्प्यात ठेवली. केतकीने प्रवासासाठी दशम्या केल्या. संध्याकाळी बेल वाजली तेव्हा मी पलंगावर बसले होते, आणि दार तिने उघडलं.

तो अजून दिसायचा होता, पण वासावरून मला कळलं.

"लिफ्टमध्ये कोण होतं?" केतकीने विचारलं.

"पद्माकरराव. नाकाला रुमाल लावला त्यांनी."

"लावू दे," ती म्हणाली. तिने दार जोरात लावलं. "आधी आईंपाशी जाऊन बस. अंघोळ नंतर कर."

दया आत आला. तोच डागांचा शर्ट, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. तो माझ्या शेजारी पलंगावर टेकला आणि शेषगिरीच्या गाडीची ताकद किती वाढली ते सांगू लागला. मी हूं हूं करत होते. त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही. मग तो थांबला, माझ्या भरलेल्या बॅगेकडे बघितलं आणि तिकिटाचं काय करू, असं हळूच विचारलं.

"काही करू नकोस, जाऊ दे ते फुकट," मी म्हणाले. "थोडा वेळ नुसता बस." आणि मी डोळे मिटून घेतले.