न तपासलेला खिसा

"धुतले?"

पोस्टमनने एवढंच विचारलं आणि काउंटरसमोरच्या स्टुलावर बसकण मारली. त्याच्या उजव्या गुडघ्याने सकाळपासूनच संप पुकारला होता.

"धुतले," लाँड्रीवाला म्हणाला. "धुतले, वाळवले, इस्त्री मारली. भाऊ, दुसरं काय करणार मी? कपडा समोर आला की हात थांबतो का माझा?"

काउंटरवर घडी पडली होती. निळा शर्ट, करडी पँट, मोजे. घडी अशी की नव्या कपड्यालाही लाज वाटावी. शेजारी ते रिकामं खोकं, त्यावर प्रशिक्षण केंद्राचा शिक्का. खोक्यात बूट मात्र तसेच होते, चिखलासकट.

"आणि हे?"

"बूट आपण घेत नाही," लाँड्रीवाला सवयीने म्हणाला. मग कुणाचे बूट आहेत ते आठवून त्याने खोकं स्वतःकडे ओढलं.

सैन्यात भरती झालेल्या पोरांना पहिल्याच दिवशी गणवेश मिळतो, आणि घरून अंगावर घालून नेलेले कपडे खोक्यात बांधून घरी परत येतात. पुढे सहा आठवडे फोन बंद. खोक्याचं हे प्रकरण पोरांना तिथे पोचल्यावर कळतं आणि आईबापांना दार उघडल्यावर. पोर जिवंत, धडधाकट आणि तरी त्याचे कपडे खोक्यातून घरी. हे पाहून माणसाचं काय होतं, याची पोस्टमनइतकी पक्की नोंद त्या केंद्रातल्या कुठल्याच अधिकाऱ्याकडे नसेल. तीस वर्षांत त्याने एक आई दारातच खाली बसलेली पाहिली होती, एक बाप खोकं न उघडता माळ्यावर टाकताना पाहिला होता, आणि एका आजीने तर त्यालाच दोन शिव्या हासडल्या होत्या. म्हणून त्याने स्वतःचा नियम केला होता. खोकं द्यायचं ते आईच्या हातात. दारातून निघायचं नाही, पाणी मागायचं. पाणी पिताना तीन वाक्यं बोलायची: "हे नुसते कपडे आहेत. पोर ठीक आहे. लगेच धुऊ नका." तिसऱ्या वाक्याचं कारण तो कुणाला सांगत नसे. धुतल्यावर कपड्यांतला पोराचा वास गेला म्हणून ज्या बायका त्याला वाटेत गाठून रडल्या होत्या, त्यांना ते कळलं होतं.

आणि परवा त्याने नेमका तोच नियम मोडला. लाँड्रीवाल्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, दुकान तळाशी. जिन्याकडे पाहून गुडघ्याने नकार दिला. बापाच्या हातात दिलं काय आणि आईच्या हातात दिलं काय, असं म्हणत त्याने खोकं काउंटरवर ठेवलं आणि तीन वाक्यं न बोलता पुढच्या गल्लीत वळला.

"नुसतं धुतलं असतं तरी चाललं असतं, भाऊ." लाँड्रीवाल्याने गल्ल्यातून एक बशी काढली. बशीत पांढरा, वाळका गोळा होता, सुपारीएवढा. "शर्टाच्या खिशात चिठ्ठी होती."

पोस्टमनने गोळा हातात घेतला नाही.

"तू खिसा तपासला नाहीस? तू?"

तो प्रश्न वर्मी बसणारच होता. खिसे तपासणं हा या माणसाचा धर्म होता. लोकांच्या खिशातून निघालेली किल्ली, दात, औषधाची पुडी, एकदा तर दुसऱ्याच बाईचं प्रेमपत्र, असं सगळं त्याने ज्याचं त्याला परत केलेलं. प्रेमपत्र तर चार घड्या घालून, नवऱ्याच्या हातात, बायकोचं लक्ष नाही असं बघून. अख्खी गल्ली त्याच्यापुढे खिसे उलटे करत होती.

"गिऱ्हाइकाचे तपासतो," तो हळू आवाजात म्हणाला. "स्वतःच्या पोरीचे खिसे काय तपासायचे? बरं दिसतं का?"

दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"काल ओला होता तेव्हा फडक्याखाली धरून इस्त्री फिरवून पाहिली. म्हटलं, एखादं अक्षर दिसेल. कसलं काय. आणि ही वरून खाली उतरत नाही. बटणं लावायच्या शर्टांचा ढीग पडलाय. बोलत नाही, चालत नाही. ताट समोर आपटते, बस. भाऊ, तुमचं ऐकेल ती."

"माझं का ऐकेल?"

"तुम्ही सगळ्यांना सांगता ना, पोरं काय काय लिहितात ते."

पोस्टमनने गुडघा चोळला, जिन्याकडे पाहिलं आणि उठला. परवाच चढला असता, तर आज एकदाच चढावं लागलं असतं.

*

दार उघडंच होतं. वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी उठून न मागता पाणी दिलं.

"तुम्ही खाली दिलंत," त्या म्हणाल्या.

"चुकलं, वहिनी."

"हं."

पोस्टमन पाणी प्यायला. असल्या वेळी माणसाने ओरडलं तर बरं असतं.

"भाऊजी, तुम्हाला ठाऊक नसेल, सांगते. ती निघाली त्या दिवशी मी खाली उतरले नाही. आठ दिवस बोलत नव्हते तिच्याशी. म्हटलं होतं, गेलीस तर मला तोंड दाखवू नकोस. आई म्हणून बोलायचं असतं ना काहीतरी, ते बोलले. आणि ती खरंच गेली. खालून हाक मारली तिने, दोनदा. मी इथेच, या खिडकीत, पडद्यामागे."

"पोरी असल्या बोलण्याचं मनावर घेत नाहीत."

"मग चिठ्ठी कशाला लिहिली? आणि ती या माणसाने पावडरीत उकळली." त्यांचा आवाज चढला, मग पुन्हा खाली आला. "काय लिहितात ती? तुम्ही बघितल्यात ना चिठ्ठ्या. खरं सांगा."

पोस्टमनकडे उत्तर तयार होतं. ते तो वर्षानुवर्षं देत आला होता. पोरं सगळी सारखंच लिहितात, सुखरूप पोचलो, काळजी करू नका, माझ्या कपाटाला हात लावू नका. हे खोटंही नव्हतं. दहातल्या सहा चिठ्ठ्यांत कपाटच असे.

"कपाटाबद्दल लिहितात," त्याने सुरुवात केली.

"तुमच्या मुलाने काय लिहिलं होतं?"

हा प्रश्नही त्याला दरवर्षी कुणी ना कुणी विचारत असे, आणि त्यालाही उत्तर तयार होतं. 'आईला सांभाळा' असं लिहिलं होतं, असं तो सांगे. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येत. त्याचे स्वतःचेसुद्धा एकदोनदा भरून आले होते. पण आज तीन मजले चढून आल्यावर तेवढं खोटं बोलायचं त्राण त्याच्या अंगात उरलं नव्हतं.

"काही नाही," तो म्हणाला. "अकरा वर्षं झाली. माझ्याच पिशवीतून माझ्याच घरी खोकं नेलं, सहीसुद्धा मीच केली. बायकोने शर्टाचे खिसे पाहिले, पँटचे पाहिले, मोजे उलटे केले, बुटांत हात घातला. खोक्याचा तळ फाडून पाहिला. काही नव्हतं. मी सांगितलं तिला, चिठ्ठ्या लिहू देत नाहीत तिथे. तिला अजून तेच खरं वाटतं. नाहीतर, वाटतं असं दाखवते."

त्याने पेल्यातलं उरलेलं पाणी संपवलं.

"तुमच्याकडे गोळा तरी आहे, वहिनी," तो म्हणाला आणि पेला ठेवून उठला.

जिना उतरताना त्याला मागे पावलं ऐकू आली. वहिनी खाली उतरल्या. दुकानात शिरून नवऱ्याकडे न पाहता त्यांनी बशी उचलली, गोळा बटणांच्या डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि ढिगातला पहिला शर्ट मांडीवर ओढला.

"दोरा," त्या म्हणाल्या.

लाँड्रीवाल्याने पांढरा, काळा, निळा, होते तेवढे सगळे दोरे पुढे केले.

*

पाचव्या आठवड्यात पत्र आलं. पोस्टमनने या वेळी नियम पाळला. लाँड्रीवाल्याने हात पुढे केला तरी त्याला ओलांडून पत्र वहिनींच्या हातात दिलं आणि पाणी मागितलं. या पाच आठवड्यांत नवराबायकोचं बोलणं दोरा, कात्री आणि गिऱ्हाइकाचा नंबर यापुढे गेलेलं नाही, हे तो येता-जाता बघत होता.

"मोठ्याने वाच," लाँड्रीवाला म्हणाला. इस्त्री त्याने उभी करून ठेवली होती.

वहिनी वाचू लागल्या. पहाटे पळावं लागतं. पायाला फोड आले होते, आता कातडं निबर झालंय. आमची शिक्षिका बाबांसारखी आहे, चादरीला एक सुरकुती दिसली की पुन्हा घालायला लावते. माझी घडी बघून म्हणाली, कुठे शिकलीस?

लाँड्रीवाल्याने मान दुसरीकडे वळवली.

पोस्टमन समोरच्या स्टुलावर होता. तीस वर्षं लोकांच्या हातातले पत्ते वाचून त्याला उलटी अक्षरं सुलट्यासारखीच दिसत. वहिनींचं बोट शेवटून दुसऱ्या ओळीवर थांबलं तेव्हा ती ओळ त्याने त्यांच्यासोबतच वाचली: 'आई, शर्टाच्या खिशातली चिठ्ठी बाबांना दाखवू नकोस असं तिच्यातच लिहिलं होतं ना, आता दाखवलीस तरी चालेल.'

वहिनींचं बोट तिथेच राहिलं. मग ते एक ओळ खाली घसरलं.

"तुमची, वगैरे," त्या म्हणाल्या. "संपलं."

"चिठ्ठीचं काही?" लाँड्रीवाल्याने विचारलं. विचारताना तो काउंटरवरचा नसलेला कचरा झटकत होता.

"चिठ्ठीचं काही नाही." वहिनींनी पत्राची घडी घातली आणि ब्लाउजमध्ये खोचली. "बुटांना ऊन दाखवा म्हणते. आणि तुम्ही पाच आठवडे तसेच खोक्यात ठेवलेत ना? उठा."

पाच आठवड्यांत वहिनी नवऱ्याशी बोलल्या त्यातलं हे सर्वांत लांब बोलणं होतं. लाँड्रीवाला उठला.

वहिनींनी पोस्टमनकडून एक कार्ड मागून घेतलं आणि तिथेच चार ओळी लिहून परत दिलं. कार्डं आपण वाचत नाही, असं पोस्टमन सगळ्यांना सांगत असे. कोपऱ्यावर वळल्यावर त्याने ते वाचलं. 'चिठ्ठी मिळाली. जपून ठेवली आहे. तू परत येशील तेव्हा मी खाली उभी असेन.'

कार्ड पिशवीत टाकताना त्याने मागे वळून पाहिलं. लाँड्रीवाला दुकानाच्या पायरीवर उकिडवा बसून जुन्या ब्रशने बुटांचा चिखल काढत होता. धर्मबाह्य काम, पण मन लावून. मग त्याने ते जोडीने उन्हात ठेवले, नाड्या बाहेर ओढून.

तासाभराने पोस्टमन त्याच वाटेने परतला, तेव्हा पायरीवर सावली आली होती. बूट दोन हात पुढे सरकवलेले होते, ऊन होतं तिथे.