नापास चंदाची नोंद

चंदाला नोकरी लागली. ही माहिती गोपनीय आहे, तेव्हा ती आपण वाचलीच नाही असं धरून पुढे जाऊ.

तर मंगळवारी सकाळी सात वाजता, घणसोली गावातल्या आपल्या घरात चंदा नवऱ्याला शपथ घालत होती.

"रबाळ्याला इंटरव्ह्यू हाय. कोनाला बोलायचं नाय. आईंना तर नायच नाय."

"माझ्या पोटात राहील," धर्मा म्हणाला. त्याचं पोट ऐसपैस होतं, पण त्यात आजवर फक्त जेवण राहिलं होतं.

चौदा वर्षं चंदा गावातल्या लॅबच्या काउंटरवर रिपोर्ट देत होती. निम्म्या गावाची साखर तिला तोंडपाठ होती आणि उरलेल्या निम्म्याला त्यातला एक आकडा कळला नव्हता. तिची सासू वेणूबाई बाजारात पाटा मांडून मासळी विकायची. सून लॅबमध्ये असून पाट्यावर एक बातमी येऊ नये, हे तिला फार लागलेलं होतं. आता रिपोर्ट थेट मोबाईलवर जाणार होते आणि काउंटर महिनाअखेर बंद. मग चंदानेही पाट्यावर बसावं, असं वेणूबाईंनी परस्पर ठरवलं होतं. चंदाने मात्र सहा महिने कानात हेडफोन घालून मोबाईलवर माहितीच्या गोपनीयतेचा कोर्स केला. घरच्यांना वाटलं, सिरियल बघते. ती मधूनमधून रडायचीही, त्यामुळे संशय आला नाही.

साडेआठला ती रिक्षात बसली.

"वहिनी, टेन्शन नाय घ्यायचं," रिक्षावाला नंदकुमार म्हणाला. "इंग्लिशमधी विचारला तर नुसता हसायचा."

चंदाने अजून पत्ता सांगितला नव्हता. रिक्षा बरोबर ऑफिसच्या दारात थांबली.

आत सहा उमेदवार होते. एक वकील, एक बँकवाला, एक हॉटेल मॅनेजर. लोकांची माहिती सांभाळायच्या या धंद्यात सगळेच दुसरीकडून आलेले. प्रत्येकाच्या फाइलमध्ये सर्टिफिकेटांची चळत. चंदाच्या फाइलमध्ये एक सर्टिफिकेट आणि डबा.

इंटरव्ह्यू घेणाऱ्या तेजश्री मॅडम चंदाहून दहाएक वर्षांनी लहान. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "सर्टिफिकेटं सगळ्यांकडे आहेत. मला माहितीचा नकाशा काढणारं माणूस पाहिजे. कुठून निघते, कुणाकडे जाते, किती दिवस राहते. कुठलीही संस्था घ्या."

चंदाने पेन उचललं. सात वाजता धर्मा. सव्वासातला वेणूबाई. आठला अख्खा मासळीबाजार. तिथून एक बाण किराणा दुकानाकडे, एक देवळाच्या कट्ट्याकडे, एक रिक्षा स्टँडकडे. खाली तिने लिहिलं : संमती घेतली जात नाही. साठवण आजन्म. पुसण्याची सोय नाही.

मॅडमनी एकेका बाणावरून बोट फिरवलं. "भयंकर आहे. कुठली कंपनी ही?"

"घणसोली गाव."

"आणि माहिती हाताळणारे कर्मचारी किती?"

"सगळेच."

मॅडमनी हसू दाबलं. "यात चुकीची माहिती शिरली तर दुरुस्त कशी होते?"

"होत नाही, मॅडम. गावात चंदा तीन. एक टेलरची, एक गोरी आणि मी नापास. बारावीला एकदा नापास झाले होते. पुढच्या वर्षी पास झाले, मग बीए झाले. ते अपडेट झालं नाही."

मॅडमनी कागद बाजूला ठेवला. "बरं, तुमच्या सासूबाईंना साखर आहे?"

"त्यांना विचारा."

"मी कंपनीतर्फे विचारतेय."

"मग कंपनीने त्यांना विचारावं. मासळी घेतली तर सांगतील."

"सोमवारपासून या," मॅडम म्हणाल्या. "पण पत्र हातात येईपर्यंत कुणाला बोलू नका."

चंदा गंभीर चेहऱ्याने गावात शिरली. कट्ट्यावर पेढे वाटून संपले होते. निकाल वेणूबाईंनी सकाळी आठलाच लावून टाकला होता.

"आई, इंटरव्ह्यू दहाला होता," ती पाट्यापाशी जाऊन म्हणाली.

"मंग? लागली का नाय?"

चंदा गप्प राहिली.

"बघा," वेणूबाई गिऱ्हाइकांना म्हणाल्या, "बोलत नाय म्हंजे लागली." मग अर्धं पापलेट जास्त टाकत एका बाईला अभिमानाने सांगितलं, "आपली नापास चंदा गो. मोठ्या हापिसात लागली."

सोमवारी चंदाला पहिलं काम मिळालं : माहिती दुरुस्तीच्या अर्जाचा नमुना तयार करणे. तिने डबा खाण्याआधी तो पूर्ण केला.

प्रति, समस्त ग्रामस्थ, घणसोली गाव.
विषय : नोंद दुरुस्त करणेबाबत.
अर्जदाराची ओळख आपल्याकडे 'नापास' अशी नोंदलेली आहे. अर्जदार बीए आहे. सदर परीक्षेच्या आठवड्यात अर्जदाराचे वडील वारले होते, ही बाब मूळ नोंदीत आढळत नाही. तरी जुनी नोंद सर्व संबंधितांच्या स्मरणातून तीस दिवसांच्या आत काढून टाकावी व तसे अर्जदारास लेखी कळवावे, ही विनंती.