पाळण्याची एकतारी

लेकीच्या, श्रेयाच्या, पाळण्याच्या कठड्यावर करवत ठेवून मृण्मयीनं पहिला काप घेतला. तात्यांसाठी एकतारी करायचीच होती.

दोन महिन्यांपूर्वी अडीच वर्षांची श्रेया आजोबांच्या एकतारीवर धपकन बसली आणि भोपळ्याच्या चिरफळ्या झाल्या. मृण्मयीचे सासरे, तात्यासाहेब, हसले होते. "भोपळाच तो, फुटायचाच." नवी आणू म्हटलं, तर "राहू द्या आता." पण दर गुरुवारी ते छावणीतल्या मंदिरात भजनाला जायचे, ते बंद झालं. घरातलं गुणगुणणंही थांबलं.

मृण्मयीला हे सलत होतं. श्रेया सातव्या महिन्यातच जन्मलेली. एकोणीस दिवस दवाखान्यातल्या काचेच्या पेटीत. बाहेरच्या बाकावर बसून तात्या हलक्या आवाजात अभंग म्हणायचे. त्या आवाजाला धरूनच मृण्मयीनं ते दिवस काढले. आभार मानायचे राहून गेले. सासऱ्याला थँक्यू म्हणायचं तरी कसं?

"तुला खिळा ठोकता येत नाही सरळ," नवरा, हिमांशू, म्हणाला होता. तरी मोबाइलवर बघत बघत तिनं भोपळ्याच्या जागी पाळण्याच्या सागवानी फळ्यांची छोटी पेटी केली. फळ्या दोनदा उकलल्या, तिसऱ्यांदा चिकटल्या. कठड्याची दांडी झाली, उरलेल्या तुकड्याची खुंटी. टेबलाच्या प्रत्येक कोपऱ्याला स्पंज चिकटवणारी बाई ती; न जाणो, श्रेयाच्या बोटात कुसळ शिरलं तर? म्हणून इंचन् इंच पॉलिश पेपरनं घासला आणि वरून खोबरेल चोळलं.

गुरुवारी संध्याकाळी तार चढवली. खुंटी पिळली की सूर चढायचा. हात काढला की सर्रकन उतरायचा. एकदा, दोनदा, पाच वेळा. तिचे डोळे भरून आले.

"काय चाललंय गं?" तात्या दारात उभे होते. आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं एकतारी पुढं केली. त्यांनी दांडीवरून बोट फिरवलं. पाळण्याच्या कठड्यावर श्रेयानं उठवलेले दातांचे वण तेवढे घासूनही गेले नव्हते. मग त्यांनी खुंटी हुंगली.

"खोबरेल? अगं पोरी, पैलवान हाय का ही, मालिश करायला?"

मृण्मयीला रडता रडता हसू फुटलं.

"लई गुळगुळीत केलीस, म्हणून धरंना. जरा खरबरीतच लागती खुंटी. श्रेये, तुझा पाटीवरचा खडू आण बरं."

त्यांनी तेल पुसलं, खुंटी घासली, तिच्यावर खडू चोळला.

"मी! मी फिलवनार!" श्रेया मध्ये घुसली.

"नको गं, तार तुटली तर डोळ्यात..."

तात्यांनी सुनेकडं नुसतं पाहिलं. मृण्मयीनं तार आणि लेकीचं तोंड यांच्यामध्ये आपला तळहात धरला. खुंटीवर श्रेयाची मूठ, तिच्यावर तात्यांची. सूर चढला. तात्यांनी तिचा आणि आपला हात काढला.

सूर तिथंच राहिला.

त्यांनी तार छेडली आणि डोळे मिटून एक ओळ गुणगुणली. बाकावरचाच आवाज तो.

"माझ्या चपला कुठं ठेवल्यात? भजन सुरू व्हईल तिकडं."

मृण्मयीला केवढं तरी बोलायचं होतं. "मफलर घ्या तात्या," ती म्हणाली, "वारं सुटलंय."

"घेतो बाई. नायतर मलाबी खोबरेल चोळशील."

एकतारी छातीशी धरून ते जिना उतरले. श्रेया खडूनं माखलेला हात हलवत राहिली. तो पुसायचं मृण्मयीला सुचलंच नाही.